दोन दिवसांपुरता घाट : प्रस्तावना

स्वित्झर्लंडमधल्या क्लाउझन घाटातली पहिली शर्यत दोन कोंबड्यांनी सुरू केली, असं तिथली लोककथा सांगते. उरी आणि ग्लारुस हे दोन शेजारी मुलूख, आणि मधल्या कुरणांवरून त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं भांडण. शेवटी तोडगा निघाला. दोन्हीकडून एकेक धावणारा निघेल, निघायची वेळ म्हणजे आपापल्या कोंबड्याची पहिली बांग, आणि दोघं जिथे भेटतील तिथे शीव. ग्लारुसवाल्यांनी आपल्या कोंबड्याला दाणापाणी देऊन गलेलठ्ठ केलं, म्हणजे तो खूश होऊन लवकर आरवेल. उरीवाल्यांनी आपला कोंबडा उपाशी ठेवला. पुढे काय झालं असेल ते कोंबड्या पाळलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. भुकेला कोंबडा उजाडायच्या आत ओरडला, तृप्त कोंबडा उन्हं वर आली तरी झोपला होता. उरीचा गडी खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर खूप खाली पोचला तेव्हा कुठे ग्लारुसचा गडी त्याला भेटला. त्याने हातापाया पडून थोडी जमीन परत मागितली. उरीवाला म्हणाला, मला पाठीवर घे आणि चढ, जिथवर नेशील तिथवरची जमीन तुमची. तो चढला, आणि चढता चढता एका ओढ्यापाशी कोसळून मेला.

ही कथा ग्रिम बंधूंनीही आपल्या जर्मन दंतकथांच्या संग्रहात घेतली आहे. खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. उर्नरबोडन नावाचं लांबलचक सपाट कुरण आजही खिंडीच्या ग्लारुसकडच्या अंगाला आहे, त्याचं पाणी ग्लारुसकडे वाहतं आणि मालकी उरीची आहे, एवढं मात्र नकाशावर दिसतं. स्वित्झर्लंडमधलं हे सर्वांत मोठं आल्प. ‘आल्प’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिमशिखरं येतात, तिथल्या गवळ्याच्या तोंडी मात्र त्या शब्दाचा अर्थ उन्हाळ्यात गुरं न्यायचं डोंगरावरचं कुरण.

मोटारशर्यतींवरच्या पुस्तकाची सुरुवात कोंबड्यांपासून का, असं वाचकाला वाटेल. पण १९२२ ते १९३४ या काळात क्लाउझनची प्रसिद्ध मोटारशर्यत दहा वेळा झाली ती याच घाटात. लिंथाल गावातून सुरुवात, खिंडीच्या माथ्यावर शेवट, साडेएकवीस किलोमीटर अंतर, बाराशे मीटरांहून जास्त चढ, शंभरावर वळणं आणि सगळा कच्चा, धुळीचा रस्ता. या सगळ्या वळणांमध्ये गाडीला मोकळं सोडता येईल असा सरळ पट्टा एकच, उर्नरबोडनचा. कोंबड्याच्या फसवणुकीने मिळालेल्या त्या कुरणातून रुडॉल्फ काराचिओला १९३४ साली मर्सिडीझ हाकत गेला आणि १५ मिनिटं २२ सेकंदांत माथ्यावर पोचला. तो विक्रम पुढे कुणी मोडला नाही, कारण तशी शर्यत पुन्हा झालीच नाही. १९९३ पासून अधूनमधून जुन्या गाड्यांचा स्मरणसोहळा होतो, पण तो वेगळा मामला.

एका लोककथेतली शर्यत आणि एक खरी शर्यत, दोन्ही एकाच कुरणातून गेल्या. पहिलीत प्रश्न होता, जमीन कुणाची. मला वाटतं दुसरीतही प्रश्न तोच होता, आणि आजच्या स्विस खेड्यांतल्या शर्यतींतही तोच आहे. हे पुस्तक त्या वाटण्याचा माग काढत लिहिलं.

आपल्याकडे स्वित्झर्लंड यश चोप्रांच्या सिनेमांतून आला. हिरवी कुरणं, बर्फ, शिफॉनची साडी, गाईच्या गळ्यातली घंटा. पुढे सहलकंपन्यांनी त्याच चित्राची छापील पत्रकं काढली. त्या चित्रात पेट्रोलचा वास कुठेच नाही. म्हणून ज्या देशात रविवारी गवत कापायचं यंत्र चालवणं म्हणजे गावाशी वैर घेणं, रिकाम्या बाटल्यासुद्धा सुट्टीच्या दिवशी काच गोळा करायच्या डब्यात टाकायच्या नाहीत आणि रात्री दहा ते पहाटे पाच मालट्रकांना रस्ताच बंद, त्याच देशातली खेडी वर्षातून दोन दिवस आपलाच रस्ता अडवतात, कडेला गवताचे भारे रचतात आणि कानठळ्या बसवणाऱ्या गाड्या डोंगरावर सोडतात, हे ऐकून आपण चक्रावतो. मग आपण पटकन निकाल देऊन टाकतो की हा दुटप्पीपणा आहे. हा निकाल मला आळशी वाटतो. दुटप्पी माणसं सगळीकडे असतात, तिथेही आहेत. पण पर्यावरणाचा आग्रह आणि घाटातली शर्यत या दोन गोष्टी तिथे एकाच ठिकाणाहून निघालेल्या दिसतात. आपल्या रस्त्यावर काय चालेल हे ठरवण्याचा गावाचा हक्क, हे ते ठिकाण.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत गमतीदार दाखला ग्राउब्युंडेन कँटनचा. कँटन म्हणजे त्या संघराज्यातलं घटकराज्य. सेंट मॉरित्झ आणि दावोस याच कँटनमध्ये. १९०० साली तिथल्या सरकारने मोटारींना सगळ्या रस्त्यांवर बंदी घातली आणि ती तब्बल पंचवीस वर्षं टिकली. सीमेवर आलेल्या श्रीमंत पाहुण्याला इंजिन बंद करावं लागे. मग भाड्याचे घोडे जुंपायचे आणि आपल्याच मोटारीत बसून ती ओढत न्यायची. हा प्रतिगामीपणा होता का? कारणं पाहिली तर तसं वाटत नाही. रस्ते अरुंद होते, त्यांची डागडुजी गावांच्या पैशाने आणि अंगमेहनतीने होई. टपालाच्या बग्गीचे घोडे आवाजाने बुजत आणि दरीच्या कडेला बुजलेला घोडा म्हणजे काय, हे कळायला मोटारमालकाची गरज नव्हती. धूळ गवतावर बसे आणि गुरं ते गवत खात नसत. शिवाय कँटनने नुकताच रेल्वेत आपला पैसा ओतला होता. मोटार ज्यांची होती ते बाहेरचे, धूळ खाणारे घरचे. लोकांनी पुन्हा पुन्हा मतदान केलं, पंचवीस वर्षांत दहा वेळा, आणि शेवटी जून १९२५ मध्ये अगदी थोड्या फरकाने मोटारीला वाट मिळाली.

खरी गंमत पुढेच आहे. वाट मिळाल्यावर चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, सेंट मॉरित्झने आंतरराष्ट्रीय मोटार सप्ताह भरवला आणि बर्निना घाटात चढाईची शर्यत लावली. काल ज्या मोटारीला घोडे लावून ओढत होते, तिला आज टाळ्या. हा मनपालट मला तरी वाटत नाही. काल मोटार न विचारता आली होती आणि आज तिला बोलावलं होतं. पाहुणा तोच, आमंत्रणाने सगळा फरक पडला.

आता थोडं बंदीबद्दल, कारण स्वित्झर्लंड आणि मोटारशर्यत म्हटलं की जगाला एवढीच गोष्ट ठाऊक असते. बेर्न शहराच्या काठावरच्या जंगलात ब्रेमगार्टन नावाचा सव्वासात किलोमीटरांच्या आतबाहेरचा शर्यतीचा मार्ग होता. तिथे १९३४ ते १९५४ स्विस ग्रां प्री भरे. गाड्या झाडांच्या कमानीखालून जात, पाऊस पडला की रस्ता सावलीत तासन् तास ओला राही. १९४८ साली आखिले वार्झी हा चालक तिथेच सरावात मेला. शेवटची शर्यत १९५४ मध्ये फांजिओने जिंकली. पुढल्या वर्षी ११ जूनला फ्रान्समध्ये ल मां इथे एक मर्सिडीझ प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून जास्त माणसं मेली. फ्रान्सने आणि इतरांनी काही काळ शर्यती थांबवल्या आणि मग पुन्हा सुरू केल्या. स्वित्झर्लंडने थांबवल्या त्या थांबवल्याच. १९५८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात ५२ वं कलम घातलं आणि प्रेक्षकांसमोर वर्तुळाकार मार्गावर होणाऱ्या मोटारशर्यती बेकायदा ठरवल्या. पुढे ‘स्विस ग्रां प्री’ या नावाने १९७५ आणि १९८२ मध्ये शर्यती झाल्या, पण फ्रान्सच्या दिजाँ गावात. दुसऱ्याच्या मांडवात आपलं लग्न लावावं तसा प्रकार.

ही बंदी पर्यावरणाच्या पोटी जन्मलेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. ती मृत्यूच्या भयातून आली. धूर, आवाज, हवामान ही कारणं नंतर तिला चिकटत गेली, आणि ल मांची आठवण पुसट झाली तरी बंदी टिकली ती या नव्या कारणांच्या बळावर. २००७ मध्ये संसदेच्या खालच्या सभागृहाने बंदी उठवायला कौल दिला, २००९ मध्ये वरच्याने तो फेटाळला, तेव्हा चर्चेत प्रेक्षकांच्या मृत्यूइतकंच वजन देशाच्या हिरव्या प्रतिमेला होतं. कायदे पुष्कळदा असेच जगतात. जन्माचं कारण मरतं, मग दत्तक कारण घेतात.

मात्र त्याच ५२ व्या कलमाने एक फट ठेवली होती. वर्तुळाकार नसलेल्या स्पर्धांना कँटन परवानगी देऊ शकेल, आयोजकाने सुरक्षेची हमी, विमा आणि वाहतुकीची सोय दाखवली तर. या फटीतून घाटातल्या शर्यती जगल्या. जर्मन भाषेत बेर्गरेनन, फ्रेंच भागात कूर्स द कोत. या पुस्तकात मी ‘घाटशर्यत’ हा शब्द वापरला आहे. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि जिंकणाऱ्या गाड्याला घाटाचा राजा. स्विस जर्मनमध्ये घाटशर्यत जिंकणाऱ्याला बेर्गक्योनिग म्हणतात, म्हणजे डोंगराचा राजा. दोन्हीकडे राजेपद दिवस मावळेपर्यंतचंच. साम्य इथेच थांबवतो, कारण बैल हा जीव आहे आणि गाडी यंत्र, आणि आपल्याकडचा बंदीचा वाद मुख्यतः त्या जिवाबद्दल होता.

घाटशर्यतीत एका वेळी एकच गाडी धावते. शेजारी कुणी नाही, मागे कुणी नाही, लढत घड्याळाशी. स्वयंपाकघरात बसूनही आवाजावरून गाडी कुठल्या वळणावर आहे ते गावकऱ्याला कळतं. शाफहाउझन कँटनमधलं ओबरहालाउ घ्या. द्राक्षमळ्यांचं गाव, ऑगस्टच्या अखेरीस शर्यत. धावपट्टी तीन किलोमीटर, तीही मळ्यांमधून. गाड्यांचा तळ गावाच्या गल्ल्यांत आणि अंगणांत पडतो. ज्या अंगणात एरवी ट्रॅक्टर उभा असतो तिथे कार्बन फायबरची कवचं घातलेली गाडी उभी आणि तिच्याभोवती घरची पोरं. प्रेक्षक वेलींच्या ओळींमधल्या उतारावर बसतात. तंबूत सॉसेज भाजली जातात आणि त्या गल्ल्यावर गावातलीच मंडळी बसलेली असतात. तिथे मिळालेल्या पैशावर गावातल्या मंडळांचं वर्ष निघतं, म्हणून शर्यतीबद्दल बोलताना वाद्यवृंदाचं आणि अग्निशमन पथकाचं नाव हटकून निघतं. आपल्या गणेशोत्सवाच्या मंडळाचा जमाखर्च ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

किंवा सेंट-उर्सान ते ले रांजिए, पश्चिमेच्या ज्युरा भागात. दू नदीकाठचं मध्ययुगीन गाव, तिथून जंगलातून पाच किलोमीटरांहून थोडी जास्त चढण. युरोपच्या घाटशर्यत अजिंक्यपदाच्या यादीत या नावाला मान आहे. या रस्त्याच्या माथ्याला आणखी एक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धातल्या सीमारक्षणाच्या स्मरणार्थ १९२४ साली तिथे दगडी शिपायाचा पुतळा उभारला होता. लोक त्याला ‘फ्रिट्झ’ म्हणत. फ्रेंच बोलणाऱ्या ज्युराला बेर्नच्या जर्मनभाषक सत्तेतून सुटायचं होतं. १९७९ मध्ये ज्युरा वेगळा कँटन झाला, तरी पुतळ्यावरचा राग गेला नाही, आणि १९८४ मध्ये तरुणांनी तो पाडला. म्हणजे त्याच रस्त्यावर राजकारणाने दगडी शिपाई टिकू दिला नाही, पण दर ऑगस्टला येणारी शर्यत टिकली. पुतळा बाहेरून बसवलेला, शर्यत गावची. याहून स्पष्ट उदाहरण मला शोधूनही सापडलं नसतं.

पुस्तकाचा मधला भाग घाटाखाली उतरतो, शेतात. स्वित्झर्लंडमध्ये चौदाव्या वर्षी ट्रॅक्टरचा परवाना मिळतो, ताशी तीस किलोमीटरांच्या मर्यादेचा, आणि त्याच वयात मोपेडचाही. मोटारसायकलला तिथे ‘टोफ’ म्हणतात, मोपेडला लाडाने ‘टोफली’. शाळकरी वयात टोफली उघडून, कार्ब्युरेटरशी खेळून तीसच्या जागी पन्नास पळवणं हा गावाकडच्या कित्येक पिढ्यांचा पहिला गुन्हा. पोलिसांनाही तो ठाऊक असतो, कारण त्यांनीही तो केलेला असतो. आज तेच लोक पन्नाशीत पोचून जुन्या टोफल्या पुसूनपासून घाट चढतात, आणि कापणी झालेल्या शेतात टोफलीच्या शर्यती लागतात. डोंगरउतारावर गवत कापायला जे दोनचाकी, हाताने धरून चालवायचं यंत्र असतं, त्याच्याही शर्यती होतात. मागे चाकांची एक गाडी जोडायची, तिच्यावर बसायचं आणि चिखलात सोडायचं. शोभा नाही, पण हसून पोट दुखतं.

बेर्नच्या दक्षिणेला टेकडीवर झिमरवाल्ड नावाचं खेडं आहे. सप्टेंबर १९१५ मध्ये युरोपभरच्या युद्धविरोधी समाजवाद्यांनी तिथे गुप्त परिषद भरवली. लेनिन आला, ट्रॉट्स्की आला, आणि आपण पक्षी निरीक्षक आहोत असं त्यांनी यजमानांना भासवलं. त्याच गावात ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धा होतात. ट्रॅक्टरला एक वजनदार घसरगाडी बांधायची, पुढे जावं तसतसं तिचं ओझं जमिनीवर जास्त दाबलं जातं, आणि मग काळा धूर आभाळात सोडत यंत्र शंभर मीटरांची पट्टी पार करायला झगडतं. पक्षी निरीक्षकांना हे आवडलं नसतं. पण बघणारे शेतकरीच असतात, आणि सोमवारी ते त्याच मातीत बटाटे काढणार असतात.

याच मातीतून मोठी नावं वर आली, आणि लोकांनी त्यांच्यावर केलेलं प्रेम शहरी वर्तमानपत्रांना नेहमी कोड्यात टाकत आलं आहे. २००५ साली रॉजर फेडररने विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकलं, तरी देशाने वर्षाचा खेळाडू म्हणून निवडला तो टॉम ल्यूथी, १२५ सीसी मोटारसायकलचा जगज्जेता, बेर्नच्या ग्रामीण भागातला एकोणीस वर्षांचा पोरगा. पण या सगळ्यांत माझं मन रेंगाळतं ते जो सिफेर्टपाशी. फ्रिबूरच्या साध्या घरातला मुलगा, आधी मोटारसायकल, मग मोटार. १९६८ मध्ये ब्रिटिश ग्रां प्री जिंकली, १९७१ मध्ये ऑस्ट्रियातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅचला पेटलेल्या गाडीत गुदमरून मेला. अंत्ययात्रेला पन्नास हजार माणसं लोटली. त्याचा मित्र, यंत्रशिल्पकार ज्याँ तँगेली, याने फ्रिबूरमध्ये सिफेर्टच्या नावाने कारंजं उभारलं, १९८४ मध्ये. भंगारातली चाकं आणि नळ्या फिरतात, पाणी वेडंवाकडं उडतं. तँगेलीने त्याआधी एका ट्रॅक्टरवर घंटा, ढोल आणि चाकं चढवून ‘क्लामाउक’ नावाचं चालतं-बोलतं शिल्प केलं होतं, शिवाय ते धूरही सोडायचं. १९९१ मध्ये तँगेली गेला तेव्हा त्याच्या शवयात्रेत तो ट्रॅक्टर खडखडत फ्रिबूरच्या रस्त्यांवरून निघाला. शांतता आणि स्वच्छता यांबद्दल जगभर नाव असलेल्या देशाने आपल्या सर्वांत लाडक्या शिल्पकाराला गोंगाट करत निरोप दिला, ही गोष्ट मला त्या देशाबद्दल कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त सांगते.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती तितकीच गावठी आहे. जंगलाचं क्षेत्र कमी होऊ द्यायचं नाही असा केंद्रीय कायदा स्वित्झर्लंडने १८७६ मध्ये केला, तोही निसर्गप्रेमाने नव्हे. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून पूर येऊन खालची गावं बुडत होती. डिसेंबर १९८७ मध्ये देशाने पाणथळ गवताळ जमिनी राज्यघटनेत सुरक्षित केल्या, त्यामागे रोथेनथुर्मचे शेतकरी होते. त्यांच्या दलदलीत लष्कराला सरावाचं मैदान करायचं होतं. १९९४ मध्ये आल्प्स ओलांडणारा परदेशी माल रस्त्यावरून रेल्वेवर न्यायचा ठराव जनमताने मंजूर झाला, त्याचं मूळ गोटहार्ड मार्गावरच्या दऱ्यांतल्या लोकांच्या वैतागात. सास-फे गावाला १९५१ मध्ये रस्ता मिळाला तेव्हाच गावाने ठरवलं की मोटारी वेशीबाहेर राहतील, आणि त्या आजही राहतात. या प्रत्येक लढाईत भाषा निसर्गाची असली तरी आवेश शिवेच्या भांडणाचा आहे. आमच्या दरीत आम्हाला न विचारता कोण आलं?

शहरी पर्यावरणवाद मात्र वेगळ्या वाटेने आला, आणि दोघांचं जमलं नाही. ऐंशीच्या दशकात आम्लयुक्त हवेने जंगलं मरत आहेत अशी धास्ती पसरली. १९८५ च्या सुरुवातीला महामार्गावरची वेगमर्यादा १२० आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवरची ८० झाली. त्याच वर्षी, आणि हे मी थट्टेने लिहीत नाही, तिथे ‘मोटार पक्ष’ नावाचा राजकीय पक्ष निघाला. १९९१ मध्ये त्याचे आठ खासदार निवडून आले. वाढीव वेगाची मागणी जनमताला गेली आणि १९८९ मध्ये पडली. उलट बाजूने, वर्षाला बारा रविवार मोटारीविना काढायचा प्रस्ताव १९७८ मध्ये आणि चार रविवारांचा २००३ मध्ये, दोन्ही पडले. तेलटंचाईने १९७३ मध्ये तीन रविवार मोटारी बंद होत्या, तेव्हा महामार्गावर मुलं स्केट करत होती आणि म्हातारे आजही ते रविवार आठवतात. पण टंचाईपायी लादला गेला तेव्हा आवडलेला रविवार कायद्याने दरसाल नको, असं त्याच लोकांनी सांगितलं. जून २०२१ मध्ये कार्बन वायूबद्दलचा कायदा अगदी थोडक्यात पडला तो गावांच्या मतांनी, आणि दोन वर्षांनी करांऐवजी मदतीची भाषा असलेला हवामान कायदा आरामात पास झाला.

या सगळ्याची कसोटी लागली ती विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत. सरकारने विजेच्या गाड्यांपुरता बंदीला अपवाद केला आणि जून २०१८ मध्ये झ्युरिकच्या सरोवराकाठी फॉर्म्युला ई धावली. चौसष्ट वर्षांनी देशात पहिली वर्तुळाकार शर्यत. धूर नाही, आवाज शिट्टीएवढा. सगळ्यांना आवडायला हवी होती. पण काठावरच्या रहिवाशांना आठवडेच्या आठवडे कुंपणं, काँक्रीटचे ठोकळे आणि मालट्रक सोसावे लागले, आणि पुढल्या वर्षी झ्युरिकने नको म्हटलं. २०१९ मध्ये शर्यत बेर्नला गेली, अस्वलांच्या बागेजवळून. तिथे सायकलवाल्यांनी निषेधाचा मोर्चा काढला आणि काही जणांनी जाहिरातींचे फलक फाडले. पर्यावरणाच्या नावाने आलेली शर्यत पर्यावरणवाद्यांनीच नाकारली, आणि तिथून जवळच टेकडीवर डिझेलचा काळा धूर सोडणारे ट्रॅक्टर जत्रेसारखे साजरे होतात! इंधनाच्या हिशोबात हे बसत नाही. निमंत्रणाच्या हिशोबात चोख बसतं. फॉर्म्युला ई हा बाहेरचा खेळ होता, त्याने शहर भाड्याने घेतलं होतं.

इथे माझ्याच म्हणण्याला एक भोक आहे, ते लपवत नाही. गाव रस्त्याची परवानगी देऊ शकतं, आवाजाचीही देऊ शकतं. हवेची कशी देणार? २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या बर्फाच्या आकारमानाचा दहावा भाग गमावला. त्या हिमनद्या ओबरहालाउच्या ग्रामसभेला विचारून वितळत नाहीत. घाटशर्यतीचे पाठीराखे सांगतात की वर्षभर दर रविवारी घाटांत येणाऱ्या मोटारसायकली आणि ईस्टरला गोटहार्ड बोगद्यापुढे लागणारी मैलोन् मैल रांग यांच्यापुढे आमच्या दोन दिवसांचं पेट्रोल किस झाड की पत्ती. आकड्यांत ते खरं आहे. पण ‘आमचा वाटा छोटा’ हे जगातल्या प्रत्येकाचं म्हणणं आहे, आणि बर्फाला बेरीज कळते, वाटे कळत नाहीत. माझ्यापुरतं सांगायचं तर शर्यत बंद व्हावी असं मला वाटत नाही. का, ते शेवटच्या प्रकरणात मांडायचा प्रयत्न केला आहे, आणि तो कुणाला पटला नाही तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दरम्यान जुनी बंदीही ढासळली. मार्च २०२३ मध्ये संसदेने रस्ते वाहतूक कायद्यात बदल करून वर्तुळाकार शर्यतींचा निर्णय कँटनांवर सोपवला. परदेशी वर्तमानपत्रांनी ‘स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा फॉर्म्युला वन’ असे मथळे दिले. ज्यांना देश ठाऊक आहे ते हसले. ग्रां प्रीला जेवढी जागा लागते तेवढी सपाट जमीन त्या देशात कुरणाची असते, नाहीतर घराची, आणि दोन्हींचे मालक मतदार असतात.

भाषेबद्दल दोन शब्द. स्थळांची नावं तिथे जी भाषा बोलली जाते तिच्या उच्चाराच्या जवळ ठेवली आहेत, त्यामुळे एकाच देशात जर्मन आणि फ्रेंच नावं शेजारी दिसतील. यंत्रांच्या भागांना आपल्या गॅरेजमध्ये जे म्हणतात तेच म्हटलं आहे. ‘प्लग’ला ठिणगीखुंटी म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

घाटशर्यतीचा एक रिवाज मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो प्रत्येक प्रकरणात येणार आहे. एकेक गाडी वर जाते ती वरच थांबते, कारण रस्ता एकच. एक गट पूर्ण झाला की सगळे एका ओळीत, अगदी सावकाश खाली येतात. शिरस्त्राणं काढलेली असतात, खिडकीतून हात बाहेर. कडेला उभी असलेली माणसं टाळ्या वाजवतात, पोरं हात पुढे करतात आणि चालक त्यावर टाळी देत जातो. पहिला कोण आणि शेवटचा कोण हे या ओळीत कळत नाही. रविवारी संध्याकाळी शेवटची ओळ उतरली की गवताचे भारे ट्रॉलीत चढतात, फावडी आणि झाडू निघतात, आणि अडवून धरलेली दुधाची गाडी वर जायला लागते.